खिडकीकडची तार

"खिडकीकडचा अजून बसलेलाच आहे." मामांनी टेपचं बटण खट्‌कन दाबलं आणि गाणाऱ्या बाईंचा आलाप मध्येच तुटला. "मुनीरभाई, तार बदला."

"मिस्त्री, ही चौथी तार आहे."

"मग पाचवी आणा की. मिरजेतल्या तारा संपल्या काय?"

मुनीरभाई सतरंजीवर मांडी घालून बसले होते, हातात पक्कड, गुडघ्यावर तारेचं भेंडोळं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणजे असं, की सूनबाई, तुमच्या सासऱ्यांना काहीतरी सांगा आता. मी चहाचे कप घेऊन उभी होते. मान खाली घालून हसू दाबलं आणि कप ठेवले.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची. आमच्या भागात रीतच आहे ती, सासरा मामा आणि सासू आत्या. गाव त्यांना नाना मिस्त्री म्हणायचं. पेट्या दुरुस्त करणारे मिरजेत आणखीही होते, पण पेटीला सूर लावावा तो नाना मिस्त्रींनीच, असं गाणारे लोक सांगायचे. पेटी म्हणजे बाजाची पेटी. तिच्या पोटात पितळेच्या चिमुकल्या पट्ट्या असतात. पट्टी टोकाला कानशीनं घासली की स्वर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. काम म्हणाल तर एवढंच. पण घासायचं थांबायचं कुठं, हे कानानं ठरवायचं असतं आणि तो कान मामांकडं होता. डावा. पेटीवर डावा कान टेकवून, डोळे मिटून ते बसले की आत्यासुद्धा भांडी आपटायच्या थांबायच्या. आणि आत्या उठसूट कुणासाठी थांबणाऱ्या नव्हत्या हो!

मी इचलकरंजीची. माहेरी घर वर आणि खाली आठ माग. दिवसभर खडखड, खडखड. लग्न होऊन मिरजेला आले तेव्हा पहिला आठवडा मला शांततेमुळंच झोप लागेना. ही गोष्ट मी भोळेपणानं सांगून टाकली, आणि तिथंच फसले. त्या दिवसापासून मामांना माझी थट्टा करायला कारण मिळालं.

"आमच्या सूनबाईंचे कान सुती आहेत," कुणी गवई आला की ते सांगायचे. "मिक्सर आणि तंबोरा तिला सारखाच."

लोक हसायचे, मीही हसायची. मामांच्या थट्टेत विखार नव्हता, जेवताना पहिली गरम भाकरी माझ्या ताटात ढकलणारा माणूस तो. पण लग्नाला वर्ष झालं तेव्हा एकदा हिय्या करून मी त्यांना विचारलं होतं, "मामा, मला शिकवाल का सूर लावायला?" कारखान्यात रोज झाडायला जायची मी. कारखाना म्हणजे घराच्या बाजूची एक खोली. तिथं लाकडाचा, स्पिरिटचा वास यायचा. एखाद्या बंद पेटीला मामा दोन दिवसांत बोलतं करायचे, आणि ते बघितलं की माझ्या हाताला नुसती खाज सुटायची. माझ्या नवऱ्याला, विलासला, यात काडीचा रस नव्हता. तो रेल्वेत लागला होता आणि "माझे कान आईवर गेलेत" म्हणून मोकळा झाला होता. म्हटलं, मग मी का नको?

माझा प्रश्न ऐकून मामा खोकला येईपर्यंत हसले. महिनाभर येईल त्याला सांगत सुटले. "मागावरची पोर सूर लावणार म्हणते!" मी परत तो विषय काढला नाही. पण लागलं ते लागलंच. झाडू मारता मारता मी पुढची दोन वर्षं नुसती बघत राहिले.

तर तारांचं प्रकरण उपटलं ते सत्त्याण्णव साली, गणपती गेल्यावर. मामांची एक जुनी गिऱ्हाईक होती, डॉक्टरीणबाई. गाण्याची भारी हौस. त्या घर आवरून मुलाकडं परगावी निघाल्या आणि त्यांची स्टिरिओ मामांना देऊन गेल्या. "नाना, तुमच्याकडंच ती नीट राहील," म्हणाल्या. वजनदार यंत्र, टेप आणि सागवानी लाकडाचे दोन स्पीकर, माझ्या कमरेएवढे. मामा त्यांना पेटारे म्हणायचे. एक खिडकीकडं ठेवला, मामा बसायचे त्याच्या डाव्या हाताला, दुसरा देव्हाऱ्याकडं. फक्त तारा तेवढ्या डॉक्टरीणबाईंच्या घराच्या भिंतीत चिणलेल्या होत्या, त्या तिथंच राहिल्या.

"तार काय, कुठलीही आणू," मी म्हटलं.

मामांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी पेटीत तांदूळ ठेवू का म्हणून विचारलंय. "कुठलीही? अगं, तारेतून सूर जातो. नळाचं पाणी नव्हे ते."

मग सुतळी निघाली. सुतळीनं मापून दोन पेटारे आणि मामांची खुर्ची अशा तीन खुणा खडूनं जमिनीवर पडल्या, इंचाचा फरक नाही. आत्या फरशी पुसायला लागल्या की मामा ओरडायचे, "खूण पुसू नको!"

"रांगोळी काढलीय का ती, मी जपायला?" आत्या म्हणायच्या. पण त्या खुणेभोवतीनं पुसायच्या.

मुनीरभाईंचं स्टँडजवळ रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं आणि ते मामांचे तीस वर्षांचे दोस्त. पहिली तार त्यांनी आणली ती साधी लाल-काळी, लग्नाच्या मांडवात भोंग्याला लावतात ती. मामा खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "देव्हाऱ्याकडचा मोकळा आहे. खिडकीकडचा बसलाय. तारेत खोट."

दुसरी आली. पारदर्शक आवरण, आत तांबं चकाकतंय. "सलाईनची नळी कशाला आणली घरात?" आत्यांनी विचारलं. मामांचा निकाल तोच, खिडकीकडचा बसलाय. तिसरी अंगठ्याएवढी जाड, काळी. आत्या तिच्यावर पाय पडू नये म्हणून आठ दिवस स्वयंपाकघरातून मागच्या दारानं ये-जा करत होत्या. चौथी खास मुंबईहून मागवलेली, चांदीचा मुलामा दिलेली.

"तारेला चांदी," आत्या म्हणाल्या, "आणि माझी जोडवी बघा जरा. काळी पडलीत."

मामांनी तिकडं साफ कानाडोळा केला. ते चौथ्या तारेत गुंग होते. "हिच्यात षड्ज छान सुटतोय. पण खिडकीकडं पंचम गिळते बघ ही."

"अगदी, अगदी," कदमगुरुजी म्हणाले. "पंचम गिळते."

कदमगुरुजी गावात गाण्याचा क्लास चालवायचे. तेही रोज संध्याकाळी येऊन बसायला लागले होते. त्यांचं तोंड जवळून बघितलंय मी, त्यांनाही काही उमगलं नव्हतं हे मी पैजेवर सांगते. पण नाना मिस्त्री म्हणतात पंचम गिळते, तर कोण म्हणेल की नाही गिळत? अहो, ज्या माणसाच्या कानावर अख्खं गाव पेट्या लावून घेतं, त्याच्यापुढं आपलं काय ऐकायचं? मुनीरभाई म्हणायचे होय, गुरुजी म्हणायचे अगदी, विलास ड्युटीवरून येऊन पाच मिनिटं बसला तरी म्हणायचा, "जरा बसलाय खरा."

आणि मी? मीही मान हलवायची. मला दोन्हीकडून अगदी सारखं ऐकू येत होतं. गव्हाच्या दाण्याएवढाही फरक नव्हता. पण म्हटलं, मामा म्हणतात तर असेल. आपले कान सुती.

त्याच महिन्यात आणखी एक झालं. कदमगुरुजींची क्लासातली पेटी मामांनी लावून दिली होती, ती आठ दिवसांत परत आली. "हवा दमट आहे ना, म्हणून असेल," गुरुजी फार अवघडून म्हणाले. मामांनी ती पुन्हा लावली, ती पुन्हा आली. "हवाच दमट आहे," या वेळी मामाच म्हणाले, आणि ती पेटी कारखान्यात कोपऱ्यात उघडी पडून राहिली. मी तिच्याभोवतीनं झाडायची.

खंडेनवमी आठवड्यावर आली. दरवर्षी त्या दिवशी कारखान्यात हत्यारांची पूजा व्हायची. गावातले गाणारे-वाजवणारे जमायचे आणि पेढे-खोबरं व्हायचं. या वर्षी पूजेनंतर सगळ्यांना स्टिरिओ ऐकवायची, असं मामांनी गावभर सांगून ठेवलेलं. त्यामुळं त्या रविवारी सकाळी ते हट्टालाच पेटले.

"आज तार ठरवायची म्हणजे ठरवायची," मामा म्हणाले. "चारही तारा एकेक करून लावा. कुठली लावली ते मला सांगू नका. मी डोळे मिटून निकाल देतो."

"माझी कंबर गेली, मिस्त्री, वाकून वाकून," मुनीरभाई म्हणाले.

"मग वैजूला बसवा यंत्रामागं. तिला काही कळत नाही, म्हणजे लबाडी करायचाही प्रश्न नाही."

कदमगुरुजी खो खो हसले. मी पदर खोचला आणि यंत्रामागं जाऊन बसले. मुनीरभाईंनी लाल कुठं आणि काळं कुठं ते दाखवलं. त्यात काय अवघड होतं! मागाची मोटर जोडणाऱ्या घरची मी.

साधी तार लावली. "खिडकीकडचा," मामा डोळे मिटून म्हणाले. सलाईन लावली. "खिडकीकडचा." जाडी लावली. "खिडकीकडचा." चांदीवाली लावली. "खिडकीकडचाच. कटकट आहे नुसती!"

"पेटाराच खराब असेल," गुरुजींनी पहिल्यांदाच काहीतरी स्वतःचं सांगितलं. मग त्यांनी आणि मुनीरभाईंनी कण्हत-कुंथत पेटाऱ्यांची अदलाबदल केली. खिडकीकडचा देव्हाऱ्याकडं, देव्हाऱ्याकडचा खिडकीकडं. खुणेवर बरोबर बसले का ते मामांनी सुतळीनं मापलं. मी टेप लावली.

"खिडकीकडचाच बसलाय," मामा म्हणाले.

आता मला गंमत वाटायला लागली. माझे दादा, म्हणजे माझे वडील, मागावर असंच करायचे. एखाद्या मागावर सारखं सूत तुटायला लागलं की त्याचा धोटा, म्हणजे आडवा दोरा नेणारा तो, काढायचे आणि शेजारच्या मागाला घालायचे. खोट धोट्याबरोबर गेली तर धोट्यात, जागेवर राहिली तर मागात. असं एकेक बदलत जायचं. जे बदलल्यावर खोट हलते, तीच खोटीची जागा. मी गुपचूप यंत्रामागच्या तारा उलटसुलट केल्या, उजवीकडची डावीकडं आणि डावीकडची उजवीकडं. कुणाला सांगितलं नाही.

"खिडकीकडचा," मामा म्हणाले.

तारा बदलल्या. पेटारे बदलले. यंत्राची तोंडं बदलली. तरी ती खोट आपली खिडकीपाशी ठाण मांडून बसलेली. आता बदलायचं राहिलंय एकच, असं माझ्या मनात आलं आणि मला खुदकन हसू फुटलं. तीन वर्षं माझी थट्टा चालली होती, म्हटलं, आज जरा परतफेड करू.

"मामा," मी यंत्रामागून डोकं वर काढून म्हटलं, "आता तुम्हालाच बदलून बघू. खुर्ची फिरवा की. पेटाऱ्यांकडं पाठ करून बसा."

"ऐका!" मुनीरभाईंनी टाळी वाजवली. "बसा मिस्त्री, सूनबाईंचा हुकूम आहे."

मामाही हसले. थट्टा करायचे तशी झेलायचेही. त्यांनी खुर्ची गर्रकन फिरवली आणि आमच्याकडं पाठ करून ऐटीत बसले. "वाजव. पाठीमागून ऐकलं तरी नाना मिस्त्री चुकायचा नाही."

मी टेप लावली. गाणाऱ्या बाईंची भैरवी सुरू झाली. मामांची मान जरा हलली. मग त्यांनी हात वर केला आणि बोट दाखवलं.

"आता देव्हाऱ्याकडचा बसला."

"अगदी, अगदी!" गुरुजी म्हणाले.

"हे काय गौडबंगाल?" मुनीरभाई हसायला लागले. आत्या दारातून म्हणाल्या, "देवानंच कान धरले म्हणावं आता." सगळे हसत होते. मामांचा हात मात्र तसाच वर राहिला होता.

मग तो हळूहळू खाली आला. खाली येता येता डाव्या कानापाशी थांबला. कान खाजवल्यासारखं त्यांनी केलं, पण ते खाजवणं नव्हतं. त्यांनी हाताच्या पंजानं तो कान झाकला. मग उघडला. पुन्हा झाकला. मी त्यांच्या पाठीमागं होते, मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं. पण चाळीस वर्षं पेट्यांच्या खोटी शोधणारा माणूस तो, मला जे यंत्रामागं बसून कळलं ते त्यांना माझ्याआधी कळलं असणार.  अरे देवा, मी हे काय करून बसले!

त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मेळ्यात हात सुटलेल्या पोराचे डोळे असतात तसे ते डोळे होते. कधी विसरायची नाही मी ते.

"वैजू," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "तारा कशा लावल्यास?"

"उलट्या!" मी भस्‌कन म्हणाले. "चुकलंच मामा माझं. तुम्ही फिरलात म्हणून मला वाटलं ताराही फिरवायच्या. मीच फिरवल्या आत्ता. म्हणून तिकडचा बसला."

खुर्ची फिरल्यापासून तारांना मी बोटही लावलं नव्हतं.

एकच हशा पिकला. "सूनबाई, खुर्ची फिरली म्हणून तारा फिरवतात होय?" मुनीरभाई मांडी बडवून हसले. गुरुजींनी तर डोळे पुसले. आत्या म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं, हिला स्वयंपाकाच्या कामाला ठेवा, तारेला नको." माझे कान तापले, पण मी जीभ चावून वेड्यासारखी हसत राहिले.

"कान सुती होते," मामा म्हणाले, "आता डोकंही सुती निघालं." सगळे पुन्हा हसले. पण त्यांच्या बोलण्यात जीव नव्हता. आणि हसता हसता मुनीरभाईंनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. तारांतलं त्या माणसाला कळत होतं. मग त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला.

"मुनीरभाई," मामा उठत म्हणाले, "ती लाल-काळी राहू दे. बाकीच्या घेऊन जा."

"साधी? मांडवातली?"

"साधीच."

जेवणं झाली. मामांनी भाकरी चिवडली नुसती. आत्यांनी विचारलं तर म्हणाले पित्त झालंय. मी भांडी घासत होते आणि माझे डोळे वाहत होते. त्या माणसाकडं दुसरं होतं काय? शेती नाही, नोकरी नाही. एक कान होता. आणि तो गेलाय हे त्याला मी चारचौघांत दाखवलं, तेही थट्टा म्हणून.

"वैजू, इकडं ये जरा." कारखान्यातून हाक आली.

मी हात पुसत गेले. मामा जमिनीवर बसले होते आणि समोर कदमगुरुजींची ती परत आलेली पेटी उघडी. त्यांनी समोरचा पाट दाखवला. त्या पाटावर मी कधी बसले नव्हते.

"खुर्ची फिरल्यावर तारा फिरवल्या होत्यास?"

मी पाटाची कड बोटानं घासत राहिले.

"अगं विचारतोय मी."

"नाही, मामा."

"हं." त्यांनी पेटीतल्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. "तीन-चार महिने झाले असतील. कुठल्याही पेटीला डावा कान लावला की सगळं लांब, धुक्यात असल्यासारखं. मला वाटायचं हवा दमट आहे. मग वाटलं पट्ट्याच हलक्या निघाल्या. मग ही स्टिरिओ आली, म्हटलं, चला, तारेत खोट आहे. बरं वाटायचं गं मला. तार बदलता येते."

मला हुंदका आला. "माफ करा मामा. मी गंमत म्हणून..."

"रडू नको. रडलीस तर तुलाही ऐकू यायचं नाही." त्यांनी भाता हलवला आणि एक स्वर दाबला. "एका स्वराला दोन पट्ट्या आहेत. दोन्ही एकत्र वाजतायत. काय ऐकू येतं?"

मी डोळे मिटले. आधी काही समजेना, नुसता आवाज. मग एकदम मी आमच्या घरच्या जिन्यावर जाऊन बसले. लहानपणी मी तिथं अभ्यास करायची. खाली आठ माग चालायचे आणि मी वरून ओरडायची, "दादा, तीन नंबर मागं पडतोय!" दादा जाऊन बघायचे आणि तो पडलेला असायचा. खडखडाटानं माझे कान कधीच गेले नव्हते. त्या खडखडाटातच मी ऐकायला शिकले होते. हे मला स्वतःलाच आज कळत होतं.

"दोन माग आहेत," मी म्हणाले. "एक मागं पडतोय. मग दुसरा त्याला गाठतोय. लाट येतीय मध्ये, वँव, वँव, वँव."

मामांचा भाता थांबला. "मोज. बोटानं जमिनीवर मोज."

ते भाता हलवू लागले आणि मी मोजू लागले. टक, टक, टक. त्यांनी पट्टी काढली, कानशीचा एक हलका हात मारला, पट्टी बसवली. माझं बोट सावकाश पडायला लागलं. पुन्हा एक हात. आणखी सावकाश. मामा पेटीकडं बघतच नव्हते, माझ्या बोटाकडं बघत होते. पुन्हा एक हात, अगदी केसाएवढा.

माझं बोट जमिनीवर टेकलं आणि तिथंच राहिलं.

"काय झालं?"

"सरळ झालं, मामा. एकच माग चालतोय."

ते वाकले आणि त्यांनी पेटीवर उजवा कान टेकवला. उजवा कान टेकवताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. भाता हलवून तोच स्वर पुन्हा ऐकला. मग उठून बसले, खांद्यावरच्या पंच्यानं डोळे पुसले आणि नाक शिंकरलं.

"चार वर्षं माझा कारखाना झाडलास," मामा म्हणाले, "आणि मी गाढव जगाला सांगत फिरलो, हिचे कान सुती."

"तीन वर्षं, मामा."

"तेवढंच ऐकायचं राहिलं होतं!" ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो. हसता हसता मला रडू आलं आणि या वेळी ते मला नको म्हणाले नाहीत.

त्या दिवशी कानस त्यांनी माझ्या हातात दिली. पहिल्याच हाताला मी एक पट्टी मोडली. शिव्याही पोटभर खाल्ल्या.

खंडेनवमीला हत्यारं पाटावर मांडली, हळदीकुंकू वाहिलं. गाव जमलं. कदमगुरुजींनी आपली पेटी वाजवून बघितली आणि म्हणाले, "वा मिस्त्री! हवा सुधारली." मामा म्हणाले, "सुधारली खरी." मग सगळ्यांदेखत म्हणाले, "सूनबाई आता इथं बसणार आहे. कान सुती आहेत तिचे, पण बघू." लोक हसले. आत्यांनी पहिला पेढा माझ्या तोंडात घातला आणि चुकूनसुद्धा टोमणा मारला नाही, यावरून मी काय ते ओळखलं.

स्टिरिओ ऐकवायच्या आधी मामांनी आदल्या दिवशी सुतळी काढली होती. खिडकीकडचा पेटारा खुणेपासून चांगला वीतभर पुढं ओढला आणि तिथं नवी खूण केली. मग खुर्चीत बसून टेप ऐकली. "आता बरोबर," म्हणाले. मी जुनी खूण फडक्यानं पुसून टाकली.

सव्वीस-सत्तावीस वर्षं झाली या गोष्टीला. आत्या गेल्या. मामांचा तो कान पुरता गेला आणि दुसराही आता वयाप्रमाणं चाललाय. पेट्या मी लावते. गिऱ्हाईक आलं की मामा माझ्या डाव्या बाजूला येऊन बसतात आणि त्याला न चुकता सांगतात, "मागावरची पोर आहे ही, सांभाळून पेटी द्या." स्टिरिओ अजून चालते. तार तीच आहे, लाल-काळी, मांडवातली, आणि खिडकीकडचा पेटारा त्याच वीतभर पुढच्या खुणेवर.

गेल्या दसऱ्याला मुनीरभाई आले होते. काठी टेकत आले, पण आले. मामांच्या खुर्चीत बसले, मी टेप लावून दिली आणि हातातली पेटी घेऊन परत कामाला बसले. दोन मिनिटं ऐकून ते म्हणाले, "मिस्त्री, खिडकीकडचा जरा जास्तच वाजतोय हो."

"काय?" मामांनी उजवा कान पुढं केला.

"खिडकीकडचा! जास्त वाजतोय!"

"मग तुमच्या कानात खोट आहे," मामा ठणकावून म्हणाले. "तार बदलून बघा."

मुनीरभाईंनी माझ्याकडं बघितलं, अगदी त्या रविवारी बघितलं होतं तसं. मग म्हणाले, "होय मिस्त्री, माझ्याच कानात," आणि चहाचा कप तोंडाला लावला. मी पेटीवर कान टेकवला आणि हसू दाबलं.